पर्यावरणशास्त्र मेजर, फायनान्स मायनर: जमते का, आणि कसे?

प्रश्न थोडक्यात असा: बारावी शास्त्र शाखेतून झाली आहे, गणित होते, पर्यावरणात खरा रस आहे. घरच्यांचे म्हणणे, बी.कॉम. कर नाहीतर बीएएफ (अकाउंटिंग आणि फायनान्सची पदवी), फायनान्सला मरण नाही. दोन्ही एकत्र शिकवणारी पदवी महाराष्ट्रात मिळेल का? नसेल तर प्रवेश कशाला घ्यावा?

दोन्ही नावे छापलेली एकच पदवी शोधत बसू नका. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात ती तुम्हालाच जुळवता येते. राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत हा आराखडा २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला आहे. प्रयोगशाळेत तासन्‌तास उभे राहायची तयारी असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: मेजर (मुख्य विषय) पर्यावरणशास्त्र, मायनर (जोडीचा दुय्यम विषय) फायनान्स. फायनान्स पुढे नोकरी सांभाळून, परीक्षा देऊन शिकता येते. पाण्याचा नमुना कसा घ्यायचा, अनुमापन करताना चूक कुठे होते, हवेच्या नोंदीतला कोणता आकडा संशयास्पद आहे, हे पंचविशीनंतर कोणी हाताला धरून शिकवत नाही. मात्र रसायनशास्त्राचे पुस्तक उघडताच कपाळाला आठ्या पडत असतील तर उलटा क्रम घ्या आणि अपराधी वाटून घेऊ नका. कंटाळत केलेल्या बी.एस्सी.पेक्षा मन लावून केलेले बी.कॉम. केव्हाही बरे.

आता क्रेडिटचा हिशेब. एका सत्राला साधारण २२ क्रेडिट, म्हणजे तीन वर्षांचे १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सचे १७६. त्यात मायनरच्या वाट्याला १८ ते २० आणि ओपन इलेक्टिव्हच्या (ऐच्छिक विषयांच्या) वाट्याला १० ते १२ येतात. नेमकी विभागणी विद्यापीठागणिक थोडी बदलते. थिअरीचे एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचे ३०. म्हणजे मायनर पूर्ण केली तरी फायनान्सचे सुमारे ३०० तासच होतात. ताळेबंद वाचायला, रोखीचा प्रवाह मांडायला आणि प्रकल्प परवडतो का हे तपासायला तेवढे पुरतात. बँकेच्या ट्रेझरीत (गुंतवणूक विभागात) बसायला पुरत नाहीत.

कागदावर मायनर दुसऱ्या विद्याशाखेतून घेता येते, आणि ओपन इलेक्टिव्ह तर दुसऱ्या विद्याशाखेतूनच घ्यायचे असते. प्रत्यक्षात गाडी अडते ती वेळापत्रकात. बी.एस्सी.ची प्रात्यक्षिके दुपारी, कॉमर्सचे वर्ग सकाळी सातला. किंवा महाविद्यालयात कॉमर्स शाखाच नाही. मग कार्यालयातून उत्तर येते, 'मायनरला केमिस्ट्री किंवा बॉटनी घ्या.' म्हणून कला, शास्त्र, वाणिज्य तिन्ही शाखा एकाच आवारात असलेले महाविद्यालय पाहा, आणि फी भरण्याआधी दोन कागद मागा: गेल्या वर्षी शास्त्र शाखेच्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्षात घेतलेल्या मायनरची यादी आणि दुसऱ्या वर्षाचे वेळापत्रक. माहितीपत्रकातल्या यादीवर जाऊ नका. त्यात वीस मायनर असतात आणि चालतात तीन.

तिसरी गोष्ट तिथेच विचारा: पर्यावरणशास्त्र शेवटच्या वर्षापर्यंत मेजर म्हणून आहे ना? काही ठिकाणी तो विषय पहिल्या दोन वर्षांपुरताच असतो आणि तिसऱ्या वर्षी तुम्हाला दुसऱ्या विषयाकडे वळावे लागते. आणि प्रत्येक पदवीला असणाऱ्या सक्तीच्या पर्यावरण विषयाला पर्यावरणशास्त्र समजू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालातून आलेला तो जाणीवजागृतीचा विषय आहे. त्याच्या प्रकल्पवह्यांचे काय होते ते झेरॉक्सच्या दुकानदारांना चांगले ठाऊक असते.

प्रयोगशाळा बघितल्याशिवाय प्रवेश घेऊ नका. बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू) मोजण्याचा इन्क्युबेटर चालू आहे का, की त्यात रिकाम्या बाटल्या ठेवल्या आहेत? स्पेक्ट्रोफोटोमीटर, फ्लेम फोटोमीटर, हवेतील धूलिकण मोजणारा सॅम्पलर विद्यार्थी स्वतः हाताळतात, की बाई-सर लांबून दाखवतात? संगणकांवर क्यूजीआयएस (नकाशे आणि भौगोलिक माहितीचे सॉफ्टवेअर) आहे का? ते मोफत मिळते, त्यामुळे नसण्याला निमित्त नाही. इमारत जुनी असली तरी चालेल, पण उपकरणाच्या लॉगबुकात गेल्या महिन्याच्या नोंदी हव्यात.

मायनर मिळालीच नाही तर? वाणिज्यकडची सगळी ओपन इलेक्टिव्ह अकाउंट्स आणि फायनान्सची घ्या, फोटोग्राफी नंतर करता येईल. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांत सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ असलेल्या स्वयम्‌वरून बरेच क्रेडिट आणता येतात, पण विद्यापीठाची मान्यता कोर्स सुरू होण्याआधी लेखी घ्यावी लागते. आधी प्रमाणपत्र मिळवले आणि मग क्रेडिट मागायला गेले, अशांचे अर्ज बहुधा परत येतात. आणखी एक वाट दुहेरी पदवीची आहे. २०२२ पासून एक नियमित आणि एक दूरस्थ अशा दोन पदव्या एकाच वेळी करायला यूजीसीची परवानगी आहे, त्यामुळे बी.एस्सी. करता करता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे किंवा इग्नूचे बी.कॉम. शक्य आहे. अडचण परीक्षांची: दोन्हीकडच्या तारखा एकमेकींवर येतात आणि कोणीही तुमच्यासाठी तारीख हलवत नाही. पहिल्या वर्षी हा भार घेऊ नये.

उलटा क्रम घेणाऱ्यांसाठी एक नोंद. बीबीए, बीएमएस अशा नावांच्या व्यवस्थापनाच्या पदव्या २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत आल्या आणि त्यांना राज्याची सीईटी (प्रवेश परीक्षा) लागते. साध्या बी.कॉम.ला आणि मुंबई विद्यापीठाच्या बीएएफ, बीएफएमला (वित्तीय बाजारांची पदवी) ती लागत नाही.

मायनरमध्ये काय आणि कोणत्या क्रमाने घ्यायचे यावर पुढचे बरेच अवलंबून असते. आधी फायनान्शियल अकाउंटिंग, मग कॉस्टिंग, त्यानंतर कॉर्पोरेट फायनान्स, शेवटी वित्तीय बाजार. शास्त्र शाखेची हुशार मुले पहिली पायरी गाळून थेट कॉर्पोरेट फायनान्सला बसतात, कारण त्यातले गणित त्यांना सोपे वाटते, आणि घसाऱ्यापाशी अडकतात. घसारा म्हणजे खिशातून जाणारे पैसे नव्हेत, तरी त्यामुळे कर कमी होतो. ही गोष्ट सूत्राने डोक्यात शिरत नाही, जर्नल एन्ट्री केल्यावर शिरते. संख्याशास्त्राचा एखादा पेपर मात्र कुठूनही मिळवा. दोन्ही विषयांना जोडणारा खरा पूल तोच आहे.

दोन्ही विषय एकत्र आले की काम कसे दिसते ते एका उदाहरणावरून पाहू, कारण 'सस्टेनेबल फायनान्स' (पर्यावरणाचा विचार धरून केलेला पैशाचा व्यवहार) या शब्दाभोवती धूर फार आहे. एका सोसायटीला लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी छतावर १० किलोवॅटचे सोलर बसवायचे आहे. वर्षाला सुमारे १४,००० युनिट वीज मिळेल असे धरा. खर्च ५.५ लाख, देखभाल वर्षाला १५,००० आणि वाचणाऱ्या विजेचा दर युनिटला १० रुपये, ही आपली गृहीतके. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे १.८ लाख. सोसायटीचा निव्वळ खर्च ३.७ लाख, वार्षिक निव्वळ बचत १.२५ लाख. पुढे मिळणारी बचत वर्षाला १० टक्के दराने कमी करत आजच्या पैशात मांडली, तर १० वर्षांचे आजचे मूल्य ७.६८ लाख, त्यातून ३.७ लाख वजा केले की निव्वळ वर्तमान मूल्य (एनपीव्ही) सुमारे ३.९८ लाख. उत्तम प्रकल्प.

आता दर १० ऐवजी ७ रुपये धरा आणि अनुदान काढून टाका. वार्षिक बचत ८३,०००. त्याच १० वर्षांत वर्तमान मूल्य ५.१० लाख, म्हणजे प्रकल्प ४०,००० रुपयांनी तोट्यात. मुदत २० वर्षे करा, बाराव्या वर्षी इन्व्हर्टर बदलायला ८०,००० धरा, आणि तोच प्रकल्प सुमारे १.३१ लाखांनी फायद्यात येतो. पॅनेल तेच, सूर्य तोच; उत्तर बदलले ते गृहीतकांमुळे. पर्यावरणाचा विद्यार्थी पहिला आकडा सांगून टाळ्या घेतो, फायनान्सचा विद्यार्थी दुसरा सांगून प्रकल्प मोडीत काढतो. दोन्ही शिकलेल्याने तिन्ही आकडे एका तक्त्यात ठेवायचे असतात आणि कोणते गृहीतक सगळ्यात नाजूक आहे ते सांगायचे असते.

या तक्त्यात नेहमी होणाऱ्या चुका: वर्षाचे ३६५ दिवस किलोवॅटला पाच युनिट धरणे, जणू कोकणात आषाढ येतच नाही, पॅनेलची वर्षागणिक होणारी झीज विसरणे, विजेचा दर दरवर्षी ५ टक्के वाढणारच असे गुपचूप धरणे. आणि एक्सेलचा सापळा. एक्सेलमधले एनपीव्हीचे फंक्शन पहिली रक्कम पहिल्या वर्षाच्या अखेरीस आली असे मानते. आजचा खर्च त्याच कंसात टाकला तर वरचे ३.९८ लाख ३.६२ लाख होतात. खर्च कंसाबाहेर वजा करा.

याच प्रकल्पाची पर्यावरणाची बाजू: १४,००० युनिट म्हणजे १४ मेगावॅट-तास. भारतीय ग्रिडचा उत्सर्जन गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरण प्रसिद्ध करते. तो मेगावॅट-तासाला साधारण ०.७२ टन कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाला सुमारे १० टन टळतात. गुणांक कोणत्या वर्षाचा हे लिहिलेच पाहिजे, कारण तो दरवर्षी बदलतो.

पदवीच्या तीन वर्षांत एक हिशेब पूर्ण करायचाच असेल तर स्वतःच्या महाविद्यालयाचा कार्बन हिशेब करा. फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट त्यासाठी वापरता येतात. बारा महिन्यांची वीजबिले, जनरेटरच्या डिझेलच्या पावत्या, कँटीनच्या सिलिंडरांची नोंद. डिझेल लिटरला २.६८ किलो, एलपीजी किलोला साधारण ३ किलो कार्बन डायऑक्साइड. जनरेटर आणि गॅस हे स्कोप १ (स्वतः जाळलेल्या इंधनाचे उत्सर्जन), विकत घेतलेली वीज स्कोप २ (ती तयार होताना दुसरीकडे झालेले उत्सर्जन). हे करताना एक गोष्ट हमखास निसटते: उच्चदाब ग्राहकांना महावितरण २०२० पासून केव्हीएएच एककात (पॉवर फॅक्टरही धरणारे एकक, त्यामुळे आकडा मोठा) बिल आकारते. तोच आकडा केडब्ल्यूएच (नेहमीचे युनिट) समजून गुणला तर उत्सर्जन फुगते. बिलावर दोन्ही नोंदी असतात, नीट वाचायचे फक्त. पहिल्या नोकरीतही बहुतेक हेच करावे लागते: चार कारखान्यांच्या मागे लागून वीजबिले मिळवायची आणि एकके जुळवायची. ज्यांना हे काम हलके वाटते त्यांनी या वाटेला न आलेले बरे.

प्रयोगशाळेतली शिस्त पैशाशी कुठे जोडली जाते, त्याचे उत्तर बीओडीच्या बाटलीत आहे. भारतात बीओडी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून मोजतात. मुदतीनंतर बाटलीत लिटरला किमान १ मिलिग्रॅम प्राणवायू उरला पाहिजे आणि किमान २ मिलिग्रॅम खर्ची पडला पाहिजे. नाहीतर वाचन बाद. सांडपाण्यासाठी २ टक्के विरलन घेतले तर ३०० मिलिलिटरच्या बाटलीत नमुना फक्त ६ मिलिलिटर असतो. तिथे पिपेट हलली की चूक पन्नासपट होऊन बाहेर येते. आता हाच आकडा पालिकेच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पासाठीच्या कर्जाच्या प्रस्तावात जातो. दिवसाला १० लाख लिटर सांडपाणी, बीओडी लिटरला २०० मिलिग्रॅम, म्हणजे रोज २०० किलो भार. त्यावर सांडपाण्यात हवा सोडणाऱ्या ब्लोअरची क्षमता, त्यावर वीजबिल, त्यावर पालिकेची परतफेड. सकाळी अकराला एकच बादली भरून नमुना घेतला आणि खरा भार दीडपट निघाला, तर पुढची वीस वर्षे तो प्रकल्प धापा टाकत चालतो. म्हणून चोवीस तासांचा संमिश्र नमुना, बर्फात वाहतूक, विरघळलेला प्राणवायू जागेवरच स्थिर करणे या गोष्टी वहीपुरत्या समजू नका.

वाचनाची सवय बाजाराच्या कागदपत्रांवर लावा. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता) अहवाल सक्तीचा केला आहे. तो वार्षिक अहवालात फुकट मिळतो. एकाच क्षेत्रातल्या दोन कंपन्या घ्या आणि त्यांच्या अहवालांतले तत्त्व ६ (पर्यावरणाचा भाग) शेजारी ठेवून वाचा. आधी सीमा तपासा, आकडे एकट्या कंपनीचे आहेत की उपकंपन्यांसह. मग एकके, गिगाज्यूल की टेराज्यूल. मग तीव्रतेच्या, म्हणजे उलाढालीच्या कोटीमागे किती उत्सर्जन या गुणोत्तराचा खेळ. समजा, उलाढाल १,००० कोटींवरून १,२०० कोटी झाली आणि उत्सर्जन ५०,००० टनांवरून ५२,०००. कोटीमागचे उत्सर्जन ५० टनांवरून ४३.३ वर आले, म्हणजे अहवालात '१३ टक्के घट'. हवेत मात्र २,००० टन जास्त गेले, आणि उलाढालीतली वाढ निव्वळ मालाच्या भाववाढीची असेल तर कार्यक्षमता सुधारली असेही म्हणता येत नाही. हे पकडायला उत्पन्न पत्रकही वाचता यावे लागते.

हरित रोख्यांचेही (पर्यावरणपूरक कामांसाठी गुंतवणूकदारांकडून घेतलेल्या कर्जाचे) तसेच. केंद्र सरकारने जानेवारी आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळून १६,००० कोटींचे पहिले सार्वभौम हरित रोखे काढले. इंदूर महापालिकेने त्याच वर्षी २४४ कोटी रोख्यांतून उभे केले, नर्मदेचे पाणी शहरात आणणाऱ्या पंपांच्या विजेसाठी सौरप्रकल्प म्हणून. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२५ मध्ये २०० कोटींचे हरित रोखे आणले. विद्यार्थ्यांची ठरलेली चूक म्हणजे सौरप्रकल्प चालला नाही तर रोखा बुडेल असे समजणे. बहुतेक हरित रोख्यांत परतफेडीची जबाबदारी रोखे काढणाऱ्या संस्थेची असते, प्रकल्पाची नव्हे. 'हरित' हे विशेषण पैसा कुठे वापरायचा यापुरते. म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवा: संस्था पैसे फेडेल का, आणि पैसा सांगितल्या कामी लागला का. पहिल्याचे उत्तर ताळेबंदात सापडते, दुसऱ्याचे वापर अहवालात.

युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून पैशांसह लागू झाला आहे. पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन, वीज ही त्यातली क्षेत्रे. कर भरतो तिथला आयातदार, पण टनामागचे उत्सर्जन मोजून द्यावे लागते इथल्या निर्यातदाराला. पोलादाचे सुटे भाग युरोपला पाठवणाऱ्या लहान उद्योगांकडे हे मोजणारा माणूस क्वचितच असतो. तिसऱ्या वर्षाच्या ऑन द जॉब ट्रेनिंगसाठी मोठ्या सल्लागार कंपनीचे नाव शोधण्यापेक्षा असा एखादा कारखाना गाठा. प्रेझेंटेशन कमी, मीटर जास्त बघायला मिळतील.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. पदवी चालू असताना एनआयएसएमची (सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची) रिसर्च अॅनालिस्ट परीक्षा पुरे. सीएफएची (गुंतवणूक विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची) पहिली पातळी पदवी संपायला २३ महिने उरले की देता येते, पण अकाउंटिंग पक्के नसेल तर तो डॉलरमध्ये केलेला खर्च ठरतो. हवामान जोखमीची परदेशी प्रमाणपत्रे नोकरी लागल्यावर, जमल्यास कंपनीच्या पैशाने करावीत. सीएचे दार बी.एस्सी.नेही बंद होत नाही: वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के, इतर पदवीधरांना ६० टक्के गुण असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला बसता येते. पदव्युत्तर शिक्षणासाठी गेट या राष्ट्रीय परीक्षेत २०२१ पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे आणि तिसऱ्या वर्षात असताना तो देता येतो. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेत शाश्वतता व्यवस्थापनाचे एमबीए आहे; या जोडविषयाला ते बरेच जवळचे.

एक सापळा मात्र प्रवेशाच्या दिवशीच ओळखा. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला बसायचे मनात असेल, तर पात्रतेच्या विषयांच्या यादीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, भूशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, पशुसंवर्धन, शेती, वनशास्त्र, अभियांत्रिकी आहेत; पर्यावरणशास्त्र नाही. मेजर पर्यावरणशास्त्र आणि मायनर फायनान्स घेतली तर पदवीच्या गुणपत्रिकेवर त्या यादीतला एकही विषय स्वतंत्रपणे दिसणार नाही. तसेच बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) ऊर्जा लेखापरीक्षकाच्या परीक्षेला निव्वळ बी.एस्सी. चालत नाही. यांपैकी वनसेवा खरोखर हवी असेल तर मायनर संख्याशास्त्र किंवा रसायन घ्या, फायनान्स ओपन इलेक्टिव्हमधून आणि दूरस्थ बी.कॉम.मधून करा, आणि पात्रतेचे चालू वर्षाचे पत्रक स्वतः वाचून मगच मायनरच्या रकान्यात खूण करा. दुसऱ्या वर्षानंतर मायनर बदलायला गेलात तर मागचे क्रेडिट नव्याने भरून काढावे लागतात.